दोन हजार पंच्याऐंशी रुपये

माय,

तू कोर्टात दोन हजार पंच्याऐंशी रुपये मागितले होतेस. हा आकडा मी कधी कुठं लिहून ठेवला नाही, तरी माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा तो मला पक्का आठवतो. तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले, गुडघे दुखतात, दुपारची झोप येत नाही. अशा दुपारी मी त्या आकड्याची फोड करत बसते. रोजचे बारा आणे, वर्षाचे तीनशे दिवस, नऊ वर्षं आणि वरचे साठ. हिशेब बरोबर येतो, दरवेळी येतो. चुकलं ते हिशेबात नव्हतं, आणि तेच तुला सांगायचं राहिलं.

बाबा तापानं गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. पुढच्याच महिन्यात तू आरमोरीच्या धानाच्या गिरणीत जायला लागलीस. सकाळी आंबील पिऊन निघायचीस ती दिवेलागणीला कोंड्यानं माखलेली परत यायचीस. भुवयांवर कोंडा, पापण्यांवर कोंडा. अंगणात उभी राहून तू पदर झटकायचीस आणि मग म्हणायचीस, "थांब, आंग धुतो अन् भात टाकतो." आपल्याकडच्या बायका बोलतात तसं तू 'मी जातो, मी करतो' म्हणायचीस. मीही तसंच बोलायचे. पुढं ट्रेनिंगमध्ये सगळ्या पोरी हसल्या, तेव्हा सोडलं.

चार वर्षं अशी गेली. मी मराठी सातवी पास होऊन घरीच होते आणि नागपूरच्या ट्रेनिंग स्कूलचा अर्ज आणवून ठेवला होता. पौषातला दिवस होता, गिरणीत धानाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली. मी अंगणात लाखोळीची भाजी निवडत होते तेव्हा इंजिनवाले भाऊ धावत आले. मुसलमान मोहल्ल्यातले, गिरणीचं इंजिन चालवणारे, सगळं गाव त्यांना इंजिनवाले भाऊच म्हणे. त्यांच्या सदऱ्यावर रक्त होतं. मला वाटलं त्यांनाच लागलं. ते म्हणाले, "बेटा, घाबरू नोको. तुह्या मायले ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो. चादर घे अन् चल."

तू यंत्राखालचा कोंडा ओढत होतीस. इंजिनाच्या मोठ्या चामडी पट्ट्याला आडोसा म्हणून लाकडी फळी असायची. ती दुरुस्तीसाठी काढली होती आणि दोन महिने परत बसवलीच नव्हती. पट्ट्यानं आधी तुझा पदर धरला. तो सोडवायला तू हात घातलास, आणि हातही गेला. बैलगाडी वैनगंगेच्या पात्रातून वाळूत रुतत जात होती. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तू एकदाच डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "शेळ्याईले पाला टाकला का?" डॉक्टरांनी उजवा हात कोपराखाली कापला. हातातला चांदीचा गोट मनगट सुजल्यामुळं निघेना, तोही कापावा लागला. तो तुटका गोट त्यांनी कागदात बांधून माझ्याकडं दिला.

महिनाभरानं तू घरी आलीस. पहिल्या दिवशी तू चुलीपुढं बसलीस आणि मी काही म्हणायच्या आत पावशी पायाखाली धरून डाव्या हातानं वांगं चिरायला घेतलंस. वांगं घरंगळून राखेत गेलं. तू ते उचललंस, धुतलंस, पुन्हा धरलंस. तीनदा तसं झालं. चौथ्यांदा तू पावशी माझ्याकडं सरकवलीस आणि बाहेर जाऊन शेळ्यांजवळ बसलीस. त्या दिवसापासून स्वयंपाक माझा, पाणी माझं. तुझी वेणी मी घालायची आणि लुगडंही मीच नेसवायची. निऱ्या करताना तू भिंतीकडं बघत राहायचीस. नागपूरचा अर्ज मी ट्रंकेत तळाशी ठेवून दिला.

मग गिरणीचे मालक आले. वाईट माणूस नव्हता तो. बाजेवर बसले, पाणी प्यायले, गाडीतून एक पोतं तांदूळ उतरवलं आणि रुमालात बांधलेले दोनशे रुपये तुझ्यापुढं ठेवले. "बाई, झालं ते लई वाईट झालं," ते म्हणाले. "हे ठेवा. अन् बरं वाटलं का गिरणीत येऊन बसा, खडे निवडा. आठ आणे रोज देतो. मी काय परका हावो का?"

तू विचारलंस, "पट्ट्याची फळी बसवली का, मालक?"

"बसवतो न, बाई. सुतार भेटला नाई."

"म्हंजे आजूक नाई बसवली?"

त्या जागी तुझ्याऐवजी दुसरी एक बाई कोंडा ओढत होती हे तुलाही ठाऊक होतं, त्यांनाही. तू डाव्या हातानं रुमाल त्यांच्याकडं सरकवलास. "तांदूळ ठेवतो," तू म्हणालीस. "माह्या आखरी हप्त्याची रोजी बाकी हाये, त्याच्यात धरा. पैशे न्या." ते गेल्यावर मी रडले. दोनशे रुपये मी तोवर एकत्र पाहिले नव्हते. तू फक्त म्हणालीस, "चांद्याले वकील असतेत म्हंतेत. इंजिनवाल्या भाऊले इचार."

वडशापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं छोट्या गाडीनं आपण दोघी चांद्याला गेलो. तू पहिल्यांदाच आगगाडीत बसलीस, पण खिडकीबाहेर काही पाहिलं नाहीस. सगळी वाट तुटका हात पदराखाली झाकून बसलीस. वकीलसाहेबांचं घर जटपुरा दरवाज्याच्या आत होतं. म्हातारे, जाड चष्म्याचे, हातात सुपारीचा अडकित्ता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, कामगारांसाठी भरपाईचा कायदा आहे, पण त्याला कारखान्यात निदान दहा माणसं लागतात, आणि मालकाच्या हजेरीत सहाच नावं लिहिलेली असणार. तेव्हा दिवाणी दावाच लावावा लागेल. "तर बाई, किती मागायचे ते सांगा."

तू माझ्याकडं पाहिलंस. मला वाटतं, तुला वाटलं होतं की हे कोर्टच सांगतं. धानाला जसा बाजारात भाव असतो तसा हाताला कुठं तरी भाव लिहिलेला असेल.

"मी काय सांगू जी," तू म्हणालीस. "तुमीच सांगा."

"मी पाच हजार लिहीन. कोर्ट काही पाच हजार देणार नाही, अर्ध्यावर आणेल. पण मागायचे जास्तच. एक अडचण आहे. जेवढे मागाल तेवढा कोर्टाचा स्टॅम्प लागतो. पाच हजारांवर साडेतीनशेच्या घरात जाईल."

साडेतीनशे ऐकून मी श्वास घेतला तो त्यांनी ऐकला असावा. ते मला म्हणाले, "त्यालाही वाट आहे, पोरी. मुफलिस म्हणून अर्ज करायचा. मग स्टॅम्प लागत नाही."

"मुफलिस म्हंजे काय जी?" तू विचारलंस.

"ज्याच्यापाशी काही नाही तो. कोर्टाचा माणूस घरी येतो, काय काय आहे ते पाहतो, यादी करतो. समोरच्यालाही बोलावतात, याच्याजवळ लपवलेलं काही आहे का म्हणून."

"भांडे मोजतेत?"

"भांडी, जनावरं, दागिने. सगळं."

"मंग नोको," तू म्हणालीस. वकीलसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. तू आवाज चढवला नाहीस. घरी वाटी मागावी तशी बोललीस. "मी कामाले गेली होती वकीलसायेब. चार वर्सं एक खाडा नाई केला. माह्यापाशी काई नाई असं मी कोर्टात काऊन लिहून देऊ?"

त्यांनी तुझी समजूत घातली. तो नुसता कायद्याचा शब्द आहे, त्यात लाज कसली, असं म्हणाले. तू ऐकून घेतलंस आणि शेवटी म्हणालीस, "आठ दिसांनं आकडा सांगतो."

ते आठ दिवस मी विसरले नाही. मी तुझ्यावर चिडले होते. मला पाच हजार पाहिजे होते. पाच हजारांत काय काय होईल ते मी मनात मांडून ठेवलं होतं. घरावर कवेलू, विहीर आणि सगळ्यांत शेवटी, स्वतःपासूनही लपवून, नागपूर. चुलीपाशी बसून मी पाटीवर आकडे मांडले. बारा आणे गुणिले तीनशे, सव्वादोनशे रुपये वर्षाचे. "वीस वर्सं धर," मी म्हटलं. "साडेचार हजार होतेत. वर दवाखाना, वर तरास. पाच हजार काई जास्त नाई माय."

तू चुलीत लाकूड सारत होतीस. "वीस वर्सं कोन काम करते गिरणीत?" तू विचारलंस. "पंचेचाळीसच्या वरची एक तरी बाई दिसली का तुले तिथी? कोंड्यानं छाती भरते, घरी बसते. मी छत्तीसची हावो. नऊ वर्सं धर."

"पण वकीलसायेब म्हंतेत कोर्ट अर्धे करते."

"कोर्ट अर्धे करते म्हून मी दुप्पट सांगू? मंग मी खरं सांगतलं का खोटं, त्याले कसं समजीन?"

मी पाटी आपटली. म्हटलं, हात तुझा गेला पण राबते मी. पाणी मी भरते, चूल मी फुंकते, माझा अर्ज ट्रंकेत कुजून राहिला. माझे किती धरतेस ते सांग. हे मी बोलले, माय. तू चुलीतलं लाकूड मागं ओढलंस. मग म्हणालीस, "माह्या हाताचा बाजार नोको मांडू." तेवढंच. मार दिला असतास तर बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस, आणि मीही नाही.

सकाळी तू मला पाटी आणायला सांगितलंस. नऊ वर्षांचे दोन हजार पंचवीस. दवाखान्याचे साठ, त्याची चिठ्ठी होतीच. "दुखण्याचे किती?" मी विचारलं. माझा आवाज उतरला होता. "दुखनं सरलं," तू म्हणालीस. "ते नोको लिहू." स्टॅम्पसाठी तू दोन शेळ्या विकल्यास, पाणी भरायचा तांब्याचा गुंड विकलास, कारण तो तसाही एका हातानं उचलत नव्हता, आणि चांदीचे दोन्ही गोट विकलेस. सोनारानं तुटका गोट तराजूत टाकताना तुझ्याकडं बघायचं टाळलं. वकीलसाहेब आकडा बघून हसले. असा दावा आपण कधी लावला नाही, म्हणाले, पण लिहिलं त्यांनी, मान हलवत. आणि एक सांगते, नोटीस पोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी गिरणीत फळी बसली. इंजिनवाले भाऊ मुद्दाम घरी येऊन सांगून गेले. त्या दिवशी तू किती तरी महिन्यांनी हसलीस.

तारखांवर तारखा पडल्या, वर्ष-दीड वर्ष गेलं. साक्षीच्या दिवशी आपण चांद्याला धर्मशाळेत उतरलो. पहाटे मी तुला लुगडं नेसवलं, हिरव्या काठाचं, आणि केस घट्ट बांधले. इंजिनवाल्या भाऊंनी साक्ष दिली की मालकाला आपण दोनदा फळीचं सांगितलं होतं. मालकासमोर उभं राहून ते बोलले आणि त्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली. न्यायाधीशांनी तुला विचारलं, "बाई, हे वरचे पंच्याऐंशी कशाचे?" तू सांगितलंस, पंचवीस मजुरीचे, साठ दवाखान्याचे. त्यांनी लेखणी थांबवून तुझ्याकडं नीट पाहिलं. तू मागितलेला रुपया न् रुपया त्यांना खरा वाटला, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मग मला बोलावलं. मालकाच्या वकिलानं माझं शिक्षण विचारलं, वय विचारलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हटलं, "माय."

"पाणी?"

"मायच भरते."

"एका हातानं?"

"हो."

"आणि लुगडं? ते कोण नेसवून देतं?"

तू समोर बाकावर बसली होतीस. पहाटे मी घातलेल्या निऱ्या तुझ्या मांडीवर सरळ पडल्या होत्या. मी म्हटलं, "तिचं ती नेसते. तिले सगळं येते. कोनाची मदत लागत नाई." आपल्या वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी ते सावकाश लिहून घेतलं.

बाहेर वकीलसाहेब माझ्यावर कडाडले. "पोरी, काय बोललीस तू? हिला काहीच येत नाही, हे सांगायला तुला उभं केलं होतं!" तू मधे आलीस. "जे बोलली ते बोलली," तू म्हणालीस. "तिले काई म्हनू नोका." परतीच्या गाडीत तू माझ्या शेजारी बसलीस आणि डावा हात माझ्या पाठीवर ठेवलास. नागभीड येईपर्यंत तो तिथंच होता. मग म्हणालीस, "चार लोकाईत माही लाज राखली तुनं. मी लुळी हावो, असं तुनं म्हंतलं नाई."

निकालात मालकाचा दोष धरला गेला. पण न्यायाधीशांनी लिहिलं की वादीच्या मुलीच्याच सांगण्यावरून वादी डाव्या हातानं घरची सगळी कामं करते, तेव्हा ती अर्धी मजुरी तरी कमवू शकेल. दोन हजार पंचवीसचे अर्धे, आणि दवाखान्याचे साठ. एक हजार बहात्तर रुपये आठ आणे. मालकानं दोन हप्त्यांत भरले. ते हातात आले त्या दिवशी तू ट्रंक उघडून माझा अर्ज वर काढलास. शेजारच्या बाईला महिन्याला सहा रुपये ठरवलेस, सकाळ-संध्याकाळ तुझं करायला, आणि मला नागपूरला पाठवलंस. दोन वर्षांची माझी फी, वह्या, खाणावळ, शेजारणीचे पैसे, सगळं त्यातून गेलं. मी शिक्षिका होऊन गोंडपिपरीला लागले तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. मी पैसे पाठवायचे, पण तू आरमोरीच्या बाजारात भाजीचं दुकान मांडून बसली होतीस. तराजू धरायला दुसरा हात नाही म्हणून बांबूच्या तिकाट्याला टांगलेला, वजनं डाव्या हातानं टाकायचीस. भाव एकच सांगायचीस. अकरा वर्षं तू ते केलंस. उरलेले हजार मिळाले असते तर ती अकरा वर्षं तू सावलीत बसली असतीस, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आणि त्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक बाईला तू सांगायचीस, माझ्या पोरीनं कोर्टात माझी लाज राखली. मी सुट्टीत आले की बायका माझ्याकडं बघायच्या. एकीनं तर कानशिलावर बोटं मोडून माझी अलाबला घेतली.

माय, मी तुझी लाज राखली नव्हती. त्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला आणि मला एकच गोष्ट दिसली. मी जर म्हटलं असतं की स्वयंपाक मी करते, पाणी मी आणते, हिला लुगडंसुद्धा मी नेसवते, तर ते न्यायाधीशांच्या हातानं कागदावर लिहिलं गेलं असतं. मग मी कुठं जाणार होते? मायचं सगळं मीच करते, असं कोर्टात लिहून दिल्यावर कोण पोरगी तिला सोडून नागपूरला जाते? तुला सगळं येतं, असं मला त्या क्षणी पाहिजे होतं. तसं लिहिलं गेलं की मी मोकळी होते. पाच हजार मागा म्हणून पाटी आपटणारी मी, आणि तुझे हजार मीच घालवले.

सांगायला काय झालं होतं, असं तू विचारशील. सुरुवातीला सांगायचंच होतं. पण तुला वाचता येत नव्हतं. माझं प्रत्येक पत्र इंजिनवाले भाऊ तुला वाचून दाखवायचे, ज्यांनी तुझ्यासाठी खरं बोलून नोकरी घालवली होती. त्यांच्या तोंडून हे तुला ऐकवायची माझी हिंमत झाली नाही. आणि समोरासमोर बसलो की तू माझ्याकडं अशा अभिमानानं बघायचीस की मी चहा टाकायला उठायचे. पुढं तू गेलीस.

हे पत्र कुणाला वाचून दाखवायचं नाही. लिहून झालं की फाडीन. परवा माझी नात आली होती, तिच्या वडिलांकडून तिनं अर्धीमुर्धी गोष्ट ऐकली होती, म्हणून तिनं विचारलं, "आजी, तू कोर्टात गेली होतीस म्हणे, काय झालं होतं?" मी तिला सगळं सांगितलं, फळीचं, शेळ्यांचं, पंच्याऐंशी रुपयांचं. शेवट मात्र तू सांगायचीस तसाच सांगितला. तिनं पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तसाच सांगेन, माय.